शाईत रंगलेलं मरण

इ. स. 19. सीरियातल्या अँटिओकजवळ रोमन सेनापती जर्मानिकस शेवटच्या घटका मोजत होता. वय अवघं 33. सम्राट टायबेरियसचा हा पुतण्या आणि दत्तक मुलगा सैनिकांच्या गळ्यातला ताईत होता. सीरियाचा सुभेदार पिसो यानेच आपल्याला विष घातलं, अशी त्याची खात्री पटली होती. जर्मानिकसच्या घराच्या जमिनीत आणि भिंतींत माणसांचे अवशेष आणि त्याचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे सापडले, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. मरता मरता जर्मानिकसने मित्रांना सूड घ्यायला सांगितलं. त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेऊन शपथ वाहिली.

हा प्रसंग चित्रकार निकोला पुसँने सोळाशे वर्षांनी रोममध्ये रंगवला. कार्डिनल फ्रान्चेस्को बार्बेरिनी यांच्यासाठी केलेलं हे तैलचित्र 1628 मध्ये पुरं झालं. पण रंगांना हात लावण्याआधी त्याने लेखणी आणि तपकिरी शाईने कागदावर मांडणी करून पाहिली. त्यातला एक कागद आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एक फ्रान्समधल्या शांतियीला.

रेषा ओढून झाल्या की शाईत पाणी घालून ती ब्रशने कागदावर पसरायची. आपल्याकडे कलाशाळेतली मुलंही याला ‘वॉश’ असंच म्हणतात. यात चुकीला जागा फार थोडी. गडद करणं सोपं, पण एकदा काळवंडलेली जागा पुन्हा उजळत नाही. उजेड हवा तिथे कागद कोराच सोडावा लागतो, म्हणजे प्रकाश कुठे पडणार हे आधीच पक्कं असावं लागतं. पुसँने त्यासाठी पुढे एक युक्ती वापरली. मेणाच्या छोट्या बाहुल्या करून तो त्या पेटीत मांडायचा आणि भोकांतून आत उजेड सोडून सावल्या कशा पडतात ते बघायचा.

मृत्यूच्या चित्रात या सावल्यांचं मोल फार मोठं. चेहऱ्यांचे बारकावे नसतानाही कोण कोणाकडे झुकलंय आणि कोण ताठ उभा आहे, हे दोन-तीन छटांत कळतं. पुरं झालेलं तैलचित्रही याच हिशेबावर उभं आहे. एका बाजूला हात उंचावणारे सैनिक, मध्ये पलंगावर जर्मानिकस, दुसऱ्या बाजूला बसलेली त्याची बायको ॲग्रिपिना आणि मुलं. ॲग्रिपिनाने तोंडावर वस्त्र धरलंय. चित्रातलं सर्वांत मोठं दुःख असं झाकून ठेवणं, हा पुसँचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. सैनिकांचा संताप उघड दिसतो, म्हणूनच तिचं न दिसणारं रडणं जास्त बोचतं.

मृत्युशय्या आणि भोवती जमलेली माणसं ही मांडणी पुढच्या चित्रकारांनी पुन्हा पुन्हा वापरली. झाक-लुई दाविदचं 1787 मधलं सॉक्रेटिसच्या मृत्यूचं चित्र त्याच वाटेवरचं. बेंजामिन वेस्टने तर 1768 मध्ये थेट या कथेचा पुढचा भाग रंगवला: नवऱ्याच्या अस्थी घेऊन ब्रुंडिसियम बंदरात उतरणारी ॲग्रिपिना.