बिडी स्वस्त ठेवून गरिबाचं भलं होतं का?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही घरखर्चाचा तक्ता भरायला घेतला होता. तेल-मीठ, चहा-साखर, पोरांची शाळा, दवाखाना, सगळं लिहून झालं. "आणि तंबाखू, मशेरी?" असं विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "ते कुठं खर्चात धरायचं ताई, दहाची तर पुडी!"

मग त्यांनाच हिशेब करायला लावला. रोज १० रुपयांची एक पुडी म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये. काकूंची गटातली बचत महिन्याला १०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२००. बचतीच्या तिप्पट पैसा पुडीत, आणि घरधन्याची बिडी अजून धरलेलीच नव्हती.

तिथंच एकीनं विचारलं, "एवढी वाईट आहे तर सरकार महाग का करत नाही?" लगेच दुसरी म्हणाली, "महाग केली तर गरिबालाच भुर्दंड!" दोघींचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे.

तंबाखूवरचा कर आपण दुकानात वेगळा भरत नाही, तो किमतीत मिसळूनच येतो. कर वाढला की किंमत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली तर खप साधारण ५ टक्के कमी होतो. हात आधी कोण आखडतं? ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत तो, आणि ज्याला अजून सवय लागायची आहे ते शाळकरी पोर.

आता भुर्दंडाचं. ज्याला सुटतच नाही त्याचा खर्च वाढणार, हे खरंच आहे. पण दुसरा भुर्दंड आपण आजही भरतोय. २०१७-१८ या वर्षाचा देशाचा हिशेब अभ्यासकांनी मांडला होता. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला १०० रुपये मिळतात तेव्हा आजारपण आणि अकाली मृत्यूंपायी समाजाचे ८१६ रुपये जातात. हे ८१६ कुठले, ते आपल्याला वहीत दिसतं. तोंडाच्या ऑपरेशनसाठी गटातून उचललेलं कर्ज, जिल्ह्याच्या दवाखान्याच्या एसटीच्या खेपा, बुडालेली मजुरी.

मशेरीचं वेगळं सांगायला हवं, कारण तिला आपण तंबाखू मानतच नाही, दात घासायची वस्तू मानतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बाया, म्हणजे साधारण सहातली एक, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. तव्यावर भाजली म्हणून तंबाखूतलं विष जात नाही. मुंबईतल्या गरोदर बायांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा खाण्याची तंबाखू घेणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली. सुटी तंबाखू आणून घरीच भाजायची, त्यामुळे कराची झळही मशेरीला कमीच लागते.

बिडीची गोष्ट उलटी. तिच्यावर कर मुद्दाम कमी ठेवलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं सिगारेट आणि खाण्याच्या तंबाखूवर ४० टक्के कर ठरवला, पण बिडीवरचा २८ वरून १८ वर आणला. तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५. कारण काय सांगतात? बिडी कामगारांचं पोट. सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडच्या आपल्या कितीतरी बहिणी घरी बसून बिड्या वळतात, गोंदिया-गडचिरोलीकडे उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर घर चालतं. त्यांचं पोट हा प्रश्न खरा आहे, तो कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण वळणावळीची मजुरी हजार बिड्यांवर मिळते. कर उतरला म्हणून मजुरी आपोआप चढत नाही. आणि सिगारेट महाग, बिडी स्वस्त असली की माणूस सिगारेट सोडून बिडीकडे वळतो, सुटत काहीच नाही. मला तर ही दया गरिबाच्या नावावरची आणि दुसऱ्याच्या फायद्याची वाटते.

असाच पेच फिलिपिन्स देशात होता. तिथं बिडी नाही, पण स्वस्त सिगारेटवर अगदी कमी कर होता, आणि तंबाखू पिकवणारे शेतकरीही होते. २०१२ साली त्यांनी कायदा केला आणि स्वस्त सिगारेटच्या पाकिटावरचा कर २.७२ पेसोवरून २०१३ मध्ये एकदम १२ पेसोवर नेला. पुढे स्वस्त-महाग सगळ्यांना एकच दर केला. वाढीव पैशाचा मोठा भाग गरीब कुटुंबांच्या आरोग्य विम्याला दिला आणि एक हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या भागांसाठी ठेवला. तिथं २००९ मध्ये १०० मोठ्या माणसांतली २८ धूम्रपान करत होती, २०१५ मध्ये २३ च्या आत आली.

म्हणजे कर वाढवणं एवढंच मागायचं नाही. त्या पैशातून बिडी वळणाऱ्या बाईला दुसरं काम, शिलाई असो की शेळ्या, उभं करून द्या, हेही त्याच दमात मागायचं. ग्रामसभेत ठराव मांडता येतो, आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा विचारता येतं.

तोवर घरचं बघू. पुढच्या बैठकीत खर्चाच्या तक्त्यात तंबाखूची ओळ सगळ्या गटांनी घालायची आहे. बिडी, पुडी, मशेरी सगळं धरून, आणि खरं लिहायचं. ज्यांना सोडायची आहे त्यांनी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही. त्या काकूंनाही झालं. त्यांनी आता मशेरीचा डबा शेजारणीकडे ठेवायला दिलाय, आणि मागितला तरी देऊ नको असं बजावून ठेवलंय.