एक्स्पोर्ट्स फाइलीतील रिकाम्या जागेचा अर्थ

एका संगणकावरील फाइली जाळ्यातील इतर संगणकांना स्वतःच्याच असल्याप्रमाणे वापरता याव्यात, या हेतूने सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ अर्थात एनएफएस ही पद्धती निर्माण केली. लिनक्स सर्व्हरवर फाइलींच्या या वाटपाचे नियम ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या एका लहानशा फाइलीत लिहिले जातात. कोणती निर्देशिका, कोणत्या यंत्राला, कोणत्या अटींवर खुली करावयाची, एवढेच तीत नमूद करावयाचे असते. बहुधा पाचदहा ओळींत ती आटोपते. या आटोपशीरपणामुळेच तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एखाद्या विभागाचा समग्र संशोधन-संग्रह ज्या ओळींच्या भरवशावर उभा असतो, त्या पुष्कळदा जुन्या सर्व्हरवरून जशाच्या तशा उतरवून घेतलेल्या असतात.

ओळीची रचना सोपी आहे. प्रथम निर्देशिकेचा मार्ग, मग रिकामी जागा, मग यंत्राचे नाव, आणि त्या नावाला अगदी चिकटून कंसात विकल्प. ‘गणित’ नावाच्या यंत्राला ‘संग्रह’ ही निर्देशिका वाचन-लेखनासाठी द्यावयाची असल्यास पुढील ओळ लिहावी लागेल. (प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत असते. ‘आरडब्ल्यू’ म्हणजे वाचन-लेखन.)

/संग्रह गणित(आरडब्ल्यू)

आता हीच ओळ डोळ्यांना अधिक सुबक दिसावी म्हणून, किंवा निव्वळ सवयीने, अशी लिहिली गेली:

/संग्रह गणित (आरडब्ल्यू)

फरक केवळ एका रिकाम्या जागेचा. परंतु या फाइलीच्या व्याकरणात रिकामी जागा हे दोन यंत्रांच्या नोंदी वेगळ्या करणारे चिन्ह आहे. त्यामुळे दुसऱ्या ओळीत सर्व्हरला एक नव्हे, दोन नोंदी दिसतात. पहिली नोंद ‘गणित’ची, तिला विकल्प नाहीत, म्हणून गृहीत विकल्प लागू होतो, आणि तो ‘आरओ’, म्हणजे केवळ वाचनाचा आहे. दुसऱ्या नोंदीस विकल्प आहे, पण नाव नाही. आणि नाव नसणे याचा अर्थ ‘कोणतेही यंत्र’ असा होतो. एखादे यंत्र दोन नोंदींत बसत असेल, तर ओळीतील क्रम कोणताही असो, त्याच्या नावाची विशिष्ट नोंद श्रेष्ठ ठरते. परिणामी ज्याला लेखनाधिकार द्यावयाचा होता ते ‘गणित’ केवळ वाचू शकते, आणि सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या इतर प्रत्येक यंत्राला लेखन मोकळे होते. लेखकाच्या हेतूच्या नेमके उलट!

ही चूक उघडकीस येते तीही चुकीच्या बाजूने. ज्यांना अनपेक्षित अधिकार मिळाला ते तक्रार करीत नाहीत. तक्रार येते ती ‘गणित’वर काम करणाऱ्यांची. मग व्यवस्थापक निर्देशिकेच्या मूळ परवानग्या सैल करून पाहतो. त्याने ‘गणित’ची अडचण दूर होत नाहीच, परंतु परक्यांच्या मार्गातील उरलासुरला अडसर मात्र निघून जातो. ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा अशा ओळीबद्दल इशारा देते, हे खरे. तथापि त्या इशाऱ्यातील सूचना अशी की, नाव नसलेल्या जागी ‘*’ हे चिन्ह घालावे. ती शब्दशः पाळल्यास त्या नोंदीपुरता इशारा थांबतो आणि चूक मात्र कायम होते.

रिकाम्या जागेला इतके महत्त्व देणे अपरिहार्य होते, असे मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली आरंभिलेल्या साम्बा या फाइल-सर्व्हरच्या विन्यास-फाइलीत बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडील-पलीकडील रिकाम्या जागेस अर्थ नसतो. किंबहुना विकल्पाच्या नावातील शब्द जोडून लिहिले काय, तोडून लिहिले काय, सारखेच.

ओळ निर्दोष लिहिली म्हणजे संग्रह सुरक्षित झाला, असेही नव्हे. एनएफएसच्या नेहमीच्या सुरक्षा-प्रकारात सर्व्हर वापरकर्त्याची ओळख स्वतः पडताळीत नाही. समोरचे यंत्र जो वापरकर्ता-क्रमांक सांगते, तो तो मान्य करतो. म्हणजे अनुज्ञा वस्तुतः यंत्राला दिलेली असते, आणि त्या यंत्राचा व्यवस्थापक कोणत्याही प्राध्यापकाचा वा विद्यार्थ्याचा क्रमांक धारण करू शकतो. ‘रूट_स्क्वॅश’ हा गृहीत विकल्प क्रमांक शून्याच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला अनामिकाच्या पायरीवर उतरवितो. इतरांच्या क्रमांकांना त्याचे संरक्षण नाही. वरील सदोष ओळीने स्वतःच्या लॅपटॉपवर सर्वाधिकार बाळगणाऱ्या कोणालाही जाळ्यातून आत घेतले, तर त्याला इतरांच्या फाइली बदलण्यास फारसे कौशल्य लागत नाही. वापरकर्त्याची खरी पडताळणी हवी असल्यास कर्बेरॉसची योजना करावी लागते. ती कष्टाची आहे. परंतु ज्या यंत्रांवर विभागाचे नियंत्रण नाही त्यांना लेखनाधिकार द्यावयाचा असेल, तर दुसरा समाधानकारक मार्ग नाही.

फाइल बदलल्यानंतर ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा ‘-आरए’ या विकल्पासह दिली म्हणजे नवे नियम लागू होतात. त्यानंतर तीच आज्ञा ‘-व्ही’सह द्यावी. तेव्हा सर्व्हरने ओळींचा लावलेला अर्थ, न लिहिलेल्या गृहीत विकल्पांसह, पडद्यावर येतो. जी निर्देशिका सर्वांना खुली झाली असेल तिच्यापुढे ‘वर्ल्ड’ हा शब्द दिसतो. चाचणी ‘गणित’वरून घ्यावीच, पण ज्याचे नाव फाइलीत कोठेही नाही अशा एखाद्या यंत्रावरूनही घ्यावी, आणि तेथून निर्देशिका जोडली जात नाही याची खात्री करून घ्यावी.