वाटेतला फोटो

गच्चीवरच्या डीटीएच तबकडीचं तोंड महाराष्ट्रात दक्षिणेकडे असतं. ती ज्या उपग्रहावर रोखलेली असते, तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने धावतोय, आणि तरी आपल्याला तो जागचा हलताना दिसत नाही! पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच त्याचीही फेरी पुरी होते. हा मेळ त्याच उंचीवर बसतो. खाली आणला तर तो पुढे पळेल, वर नेला तर मागे पडेल.

जमिनीवरून वर जाणारा संदेश म्हणजे अपलिंक, खाली येणारा डाउनलिंक. मध्ये उपग्रहातला ट्रान्सपॉन्डर. पोहोचेपर्यंत पार क्षीण झालेला संदेश तो टिपतो, त्याची फ्रीक्वेन्सी बदलतो, जोर वाढवतो आणि खाली सोडतो. फ्रीक्वेन्सी तीच ठेवली, तर खालून आलेली कुजबुज त्याच्या स्वतःच्याच आवाजात बुडून जाईल. म्हणून सी बँड या फ्रीक्वेन्सी-पट्ट्यात वर जाताना साधारण ६ गिगाहर्ट्झ आणि उतरताना ४.

प्रकाशाच्या वेगानेही या जाण्या-येण्याला जवळपास पाव सेकंद लागतो. हीच लेटन्सी. नारायणगावजवळच्या आर्वीच्या विक्रम भूकेंद्रातून पूर्वी परदेशी फोन जात, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये निदान अर्ध्या सेकंदाची शांतता पडे.

बँडविड्थ ही वेगळीच गोष्ट: सेकंदाला किती बिट सोडता येतात, ते. समजा, १० एमबीपीएसच्या उपग्रह जोडणीवरून २५० केबीचा फोटो पाठवला. तो पुरता सोडायला ०.२ सेकंद लागतात, पण त्याचा पहिला बिट पलीकडे पोहोचायला ०.२४. म्हणजे क्षणभर तो अख्खा फोटो या टोकालाही नाही आणि त्या टोकालाही नाही. वीस लाख बिटांची ओळ धरून तो अवकाशातून चाललेला असतो. मला तर हे कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं.

इथेच इंटरनेटची पंचाईत होते. टीसीपी या इंटरनेटवरच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीनुसार पाठवणाऱ्याला पोच हवी. जुन्या टीसीपीत पोच येईपर्यंत फार तर ६४ केबी सोडता येत. पोच यायला अर्धा सेकंद लागला, की जोडणी कितीही रुंद असो, सेकंदाला जेमतेम १० लाख बिट सरकणार. त्यावर दोन उपाय निघाले: ही मर्यादा वाढवली गेली, आणि जमिनीवरचं यंत्रच पलीकडच्याच्या वतीने आधी पोच देऊन पुढची जबाबदारी स्वतः घेऊ लागलं.

स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेने उंचीच कमी केली. सुमारे ५५० किलोमीटरवरून जायला-यायला चारेक मिलिसेकंद पुरतात. मात्र तिथला उपग्रह दीड तासात पृथ्वीची फेरी मारतो, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून तसे हजारो लागतात.

तेव्हा नवी जोडणी घेताना एमबीपीएसचा आकडा ऐकून थांबू नका. लेटन्सी किती मिलिसेकंद, तेही विचारा.