सरळ धावता, पण वळता येतं का?

धावायचं कसं, हे नाशिकला शिकवायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पण तुम्ही कबड्डी, बॅडमिंटन किंवा रात्री टर्फवर फुटबॉल खेळत असाल, तर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरच्या रोजच्या फेऱ्या एकट्या पुरणार नाहीत. त्यांनी दम वाढतो. वळणं मात्र वेगळं शिकावं लागतं.

कसं वळायचं, ते आपल्या खो-खोकडे बघा. पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं! म्हणून चांगला संरक्षक नुसता वेगावर जगत नाही. तो साखळी खेळतो, हुलकावणी देतो, खांबाशी गर्रकन फिरतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे.

यातली खरी गोम वळण्यात नाही, ब्रेक मारण्यात आहे. दिशा बदलण्याआधी वेग मारावा लागतो: पावलं छोटी, कंबर खाली, गुडघे वाकलेले. ताठ पायाने कचकन थांबलात आणि गुडघा आत वळला, की एसीएल नावाच्या लिगामेंटवर सगळा ताण येतो. अशा बऱ्याच दुखापतींत समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा झटक्यात वळताना गुडघा जातो, आणि मग महिनोन्‌महिने खेळ बंद.

म्हणून आधी थांबायला शिका. दहा पावलं धावा, तीन पावलांत थांबा, पुतळ्यासारखे उभे राहा. मग एका पायावर बाजूला उडी मारून तोल धरा. साइड लंज करा, मागे धावा, पाय एकमेकांवरून टाकत आडवे सरका. हे जमलं की मित्राला समोर उभं करा. त्याने हात दाखवला त्या दिशेला सुटायचं. शंकू मांडून ठरलेल्या वाटेने नागमोडी पळणं दिसायला भारी, पण सामन्यात वाट आधी कुणी सांगत नाही!

फुटबॉलवाल्यांनो, 'फिफा ११ प्लस' हा साधारण २० मिनिटांचा वॉर्म-अप शोधून बघा. त्यात धावणं, ताकद, तोल, उड्या आणि वळणं सगळं येतं.

आठवड्यातून दोनदा, अंग गरम करून, ताज्या पायांनी. पाच-सहा सेकंद जोर, मग श्वास जागेवर येईपर्यंत विश्रांती. दमल्यावर हा सराव नको, कारण गुडघा आत पडतो तो तेव्हाच. आणि गुडघा सुजला किंवा पाय टेकताना निसटल्यासारखा वाटला, तर स्प्रे मारून पुन्हा मैदानात उतरू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.