विंचू, घोडा आणि स्वादुपिंड

भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड; दोन्हीकडे ऊस. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघालेला माणूस सापाला भितो, विंचवाचं फारसं मनावर घेत नाही. घेतलंच तर काळ्या इंगळीचं. खरं तर ती दांडगी इंगळी ठणका देते आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं. जिवावर उठतो तो दगडाखाली, बांधाच्या फटीत बसणारा लहानसा तांबडा विंचू. त्याची नांगी लागते बोटाला आणि घाला पडतो हृदयावर.

त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाची गोष्ट याहून अजब आहे. वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद हे बेटही एके काळी उसाचंच. तिथे विंचू चावलेले ३० रुग्ण डॉ. कोर्टनी बार्थोलोम्यू यांनी तपासले आणि १९७० साली निष्कर्ष छापले. ३० पैकी २४ जणांच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज आली होती! डंख हातापायाला, आग मात्र जठरामागे दडलेल्या वीतभर ग्रंथीत.

असं का व्हावं? स्वादुपिंड रोज लिटरभराहून जास्त पाचक रस तयार करतं. त्यातलं ट्रिप्सिन मांस पचवतं, आणि ग्रंथी स्वतःही मांसाचीच. म्हणून ट्रिप्सिन तिथे निजलेल्या रूपात साठवलं जातं. त्याला जागं करणारी किल्ली पुढे लहान आतड्यात ठेवलेली असते. त्रिनिदादच्या विंचवाचं विष नसांना चेतवून ग्रंथीवर रस ओतण्याचा असा काही तगादा लावतं की ही सगळी व्यवस्था कोलमडते. आपल्याकडे विंचू हे कारण विरळा. इथे पित्ताशयातला खडा किंवा दारू, हीच नेहमीची कारणं. पण कारण कुठलंही असो, ट्रिप्सिन घरातच जागं होतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

मी इथवर वाचलं तेव्हा वाटलं, संपली गोष्ट. पण खरी गोष्ट इथून सुरू होते. फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला ऐवज रक्ताला धोक्याची वर्दी देतो आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. आग विझवायला आलेल्या या पेशी रॉकेलचा डबा घेऊनच येतात म्हणा ना. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की न्यूट्रोफिल आधीच कमी करून ठेवले, तर ग्रंथीत जागं होणारं ट्रिप्सिनही कमी होतं. त्या पेशी स्वतःच्या डीएनएची चिकट जाळी फेकतात. ती जंतूंसाठी असते, पण ग्रंथीच्या बारीक नळ्या तुंबवते. सुजेचे निरोप रक्तातून फुप्फुसांपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत जातात. माणूस दगावतो तो पुष्कळदा या दंगलीने.

मग दंगल आवरली तर? लेक्सिपॅफंट नावाचं औषध सुजेचा एक निरोप अडवतं. २९० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २००१ मध्ये निकाल आला: अवयव निकामी होणं थांबलं नाही. दुसऱ्या टोकालाही प्रयत्न झाला. पहिल्या आवेशानंतर प्रतिकारशक्तीचं हेच सैन्य थकतं, आणि मेलेल्या ऊतींमध्ये जंतू शिरतात. म्हणून चीनमध्ये ५०८ रुग्णांवर प्रतिकारशक्तीला बळ देणारं थायमोसिन अल्फा-१ वापरून पाहिलं. २०२२ च्या त्या निकालातही जंतुसंसर्ग कमी झाला नाही. माझ्या मते अडचण औषधापेक्षा वेळेची आहे. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत दंगल सुरू होऊन काही तास उलटलेले असतात, आणि त्या घडीला सैन्य पिसाळलेलं आहे की थकलेलं, हे वरून दिसत नाही.

तांबड्या विंचवाच्या बाबतीत मात्र दंगल पेटायच्या आधीच ठिणगी उचलायचा उपाय आपल्याच राज्यात आहे, आणि तो घोड्याकडून उसना घेतलेला आहे. त्या विंचवाचं विष अगदी थोडं थोडं वाढवत घोड्याला टोचतात. त्याचं रक्त विष धरणारी प्रतिपिंडं बनवतं. प्रतिपिंडाचा आकार असतो बेचकीसारखा. दोन फाटे विषाला धरतात. दांडीमुळे मात्र माणसाच्या शरीरात उलटी प्रतिक्रिया उठू शकते. म्हणून दांडी छाटतात, आणि छाटायला वापरतात पेप्सिन, म्हणजे जठरातला पाचक रस! ज्या जातीचा रस स्वादुपिंडाला खातो, त्याच जातीचा रस इथे औषध घडवतो. हाफकिन संस्थेचं हे प्रतिविष महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या जोडीने ३५ रुग्णांना दिलं, दुसऱ्या ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पहिल्या गटातले ३२ जण बरे झाले, दुसऱ्यातले ८. हे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं.

स्वादुपिंडाच्या सुजेसाठी असा घोडा अजून कुणाला सापडलेला नाही. उपचार म्हणजे सलाईन, वेदनाशामक, शक्य तितक्या लवकर तोंडाने अन्न आणि अतिदक्षता विभागातली नजर.

तेव्हा एवढं करा. विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर ठणका कमी आहे म्हणून थांबू नका. आणि वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी कळ थांबत नसेल, तर पित्त म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नका. गाडी काढा.