शाळेचें दार आणि पालकांचें भय

मूल शाळेंत पाठविणें ही गोष्ट एरवीं इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिच्यासाठीं आईबापांस विचार करीत बसावें लागत नाहीं. परंतु कोरोनाच्या सांथींत महाराष्ट्रांतील पालकांवर हा विचार करण्याचा प्रसंग एकदां नव्हे, अनेकदां आला. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे, व २७ जानेवारी २०२१ पासून पांचवी ते आठवीचे वर्ग उघडण्यास शासनानें अनुमति दिली. पण लवकरच दुसरी लाट आली आणि दारें पुनः लागलीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं तीं पुनरपि उघडलीं, आणि पहिलीच्या बालकांची पाळी तर त्या वर्षाच्या १ डिसेंबरला आली. मूल वर्गांत यावयाचें तर पालकांची लेखी संमति हवी, असा नियम होता. त्या कागदावर सही करतांना आमच्या खानदेशांतील पुष्कळ हात अडले. ते कां अडले, आणि त्या भयांत खरें किती होतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, तें भय अडाणीपणाचें नव्हतें. जून २०२० मध्यें जळगांव जिल्ह्यांत रोग्यांमागें मृत्यूंचें प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळच अधिक होतें. धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरवरील मालेगांवचा हाहाकार लोकांनीं त्यापूर्वींच ऐकला होता. पुढें एप्रिल २०२१ मध्यें खाटा व प्राणवायु यांसाठीं झालेली धांवाधांव तर घरोघरच्या मुलांनींही पाहिली. ज्या घरांतून आजोबा रुग्णालयांत गेले ते परत आलेच नाहींत, त्या घरच्या आईनें सही करण्यापूर्वीं चार दिवस घेतले, तर तिला दोष कोणत्या तोंडानें द्यावयाचा?

या भयाच्या पोटांत वस्तुतः दोन निराळीं भयें होतीं. तीं एकमेकांत मिसळल्यानें उत्तर देणें कठीण झालें. एक भय मुलाच्या जिवाचें. दुसरें, मूल शाळेंतून जें घरीं आणील त्यानें म्हाताऱ्यांचें काय होईल, याचें.

पहिल्याविषयीं विज्ञानाचें उत्तर बरेंच दिलासा देणारें होतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें ऐन उमेदीचीं तरुण माणसें नेलीं. या रोगाची रीत वेगळी. वय वाढेल तसा धोका वाढतो, आणि निरोगी मुलाच्या जिवास तो फारच क्वचित् बाधतो. जून-जुलै २०२१ मध्यें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें देशांतील सत्तर जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. त्यांत आपला जळगांव जिल्हाही होता. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५७ च्या रक्तांत रोगाशीं झुंज दिल्याची खूण आढळली. हीं अखिल भारताचीं गणना होय, एकट्या जळगांवची नव्हे. तरी लक्षांत घ्या कीं, त्या वयाच्या बहुतेक मुलांनीं तोंवर सव्वा वर्ष शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. म्हणजे शाळेचें दार बंद होतें, पण रोग घराच्या दारानें आंत येऊन गेला होता. याच आधारावर परिषदेच्या प्रमुखांनीं, शाळा उघडावयाच्या तर प्राथमिक वर्ग आधीं उघडावे, असें सुचविलें. आपण क्रम उलटा धरला. मोठीं मुलें शिस्त पाळतील व त्यांच्या परीक्षा जवळ आहेत, हें त्याचें कारण.

दुसरें भय मात्र अधिक खरें होतें. आमच्याकडे तीन पिढ्या एका घरांत, कित्येकदां एकाच खोलींत निजतात. मूल आजीच्या कुशींत झोंपतें. त्याला सहा फूट दूर राहा म्हणून कोण सांगणार? त्यावर खरा उपाय शाळेंत नव्हता, आजीच्या दंडांत होता. साठ वर्षांवरील सर्वांस १ मार्च २०२१ पासून लस मिळूं लागली. मुलाच्या संमतिपत्राआधीं आजीचें लसीचें प्रमाणपत्र पाहणें हेंच शहाणपणाचें होतें.

आतां वर्गाकडे वळूं. आरंभीं सर्वांचें लक्ष हात धुण्याकडे व बांकांवर औषध फवारण्याकडे होतें. हात धुणें केव्हांही चांगलें. फवारणीचा देखावाच अधिक झाला. कारण हा रोग मुख्यतः श्वासांतून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांनीं पसरतो. बंद खोलींत उदबत्ती लावली तर धूर कोपऱ्याकोपऱ्यांत भरून राहतो, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या कीं क्षणांत विरतो. या कणांचेंही तसेंच. म्हणून निंबाखालीं भरलेला वर्ग हा दारें लावून औषध शिंपडलेल्या खोलीपेक्षां सुरक्षित होय. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथें १९०४ मध्येंच अशक्त मुलांकरितां रानांतील शाळा काढली होती, आणि आमच्या पणज्यांनीं प्लेगांत गांव सोडून शेतांत झोपड्या घातल्या होत्या; मोकळ्या हवेचें महत्त्व कांहीं नवें नव्हे. एकच अडचण : वर्ग हवेशीर ठेवला, पण त्या हिंवाळ्यांत एस. टी. कामगारांच्या संपामुळें बस बंद, आणि खेड्यांतील मुलें खासगी रिक्षांत दाटीवाटीनें कोंबून येत!

न पाठविण्याचें नुकसान मात्र कोणाच्या नजरेंत भरलें नाहीं, कारण तें निमूटपणें होत होतें. घरांत मोबाइल एक, तोही बापाबरोबर कामावर. सातपुड्याच्या पायथ्याशीं तर संदेशलहरीच पोंचत नाहींत. अहिराणी वा पावरी बोलणारें मूल पुस्तकी मराठी शिकतें तें वर्गांत कानांवर पडून. जून २०२० मध्यें पहिलींत नांव घातलेलें मूल वर्गांत प्रथम बसलें तें दुसरींत. ‘असर’च्या पाहणीप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचें पुस्तक वाचतां येई, त्यांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतें, २०२२ मध्यें तें २०.५ वर आलें. आणि कापूस वेचणीस गेलेला मोठा मुलगा एकदां मजुरी आणूं लागला कीं, त्याला पुनः बांकावर बसविणें किती कठीण, हें शिक्षकांस विचारावें.

पुढें १० जानेवारी २०२२ पासून, तिसऱ्या लाटेमुळें, १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. परंतु या वेळीं घरांतील वडील मंडळींनीं बहुतेक लस घेतली होती, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसही ३ जानेवारीपासून ती मिळूं लागली होती, आणि शाळा उघडा अशी मागणी ठिकठिकाणच्या पालकांकडूनच येऊं लागली. २४ जानेवारीपासून वर्ग पुनः भरविण्याची मोकळीक शासनास द्यावी लागली.