ट्रॉली-ट्रेलरची जोडणी : हूक, पिन आणि फिफ्थ व्हील कसे निवडावे?

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगाम सुरू झाला की अकलूज, श्रीपूर, माढा, पंढरपूर, कुमठे या भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. होटगी परिसरातील सिमेंट कारखान्यांचे बल्कर आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरचे लांब ट्रेलर तर बारा महिने चालू असतात. या सर्व वाहतुकीत ओढणारे वाहन वेगळे आणि माल वाहणारे वेगळे असते. दोघांना जोडणारी वस्तू मात्र हातभर लांबीचीही नसते. ती तुटली तर मागचे कित्येक टन वजन रस्त्यावर मोकळे सुटते. समोरून कोण येत असेल हे सांगता येत नाही.

आपले अनेक बांधव वेल्डिंग, फॅब्रिकेशन, गॅरेज, सुटे भाग विक्री आणि वाहतूक या धंद्यांत आहेत. जोडणी बनवणारे, विकणारे आणि वापरणारे तेच आहेत. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

वजन कोणावर पडते?

जोडणी निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा. चार चाकी ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असते. तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर टर्नटेबल, म्हणजे फिरती कडी असते आणि हुकाला मुख्यतः ओढ सोसावी लागते. दोन चाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिच्या वजनाचा काही भाग दांडीतून थेट ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. तेथे हुकाला ओढही सोसायची असते आणि भारही. त्यामुळे चार चाकी ट्रॉलीला चालणारा हूक दोन चाकीला चालेलच असे समजू नये.

दोन चाकी ट्रॉलीत माल कसा भरला जातो यालाही महत्त्व आहे. माल फार पुढे भरला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग ऐकत नाही. फार मागे भरला तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते.

हूक कोठे असावा?

ओढ नेहमी खालून घ्यावी. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्या वर, विशेषतः टॉप लिंकच्या जागी ट्रॉली अडकवली तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो चालकासह मागे उलटू शकतो. कंपनीने दिलेला ड्रॉबार किंवा ट्रॉली हूक वापरावा. तो उंच करण्यासाठी जादा पट्टी जोडू नये. ट्रॉलीची दांडी उंच पडत असेल तर दांडी दुरुस्त करावी, हुकाची जागा बदलू नये.

पिन लहान, जबाबदारी मोठी

हुकाला वर आणि खाली अशा दोन पट्ट्या असाव्यात व त्यांच्यामध्ये दांडीचे कडे बसावे. म्हणजे पिन दोन जागी धरली जाते. एकाच पट्टीतून गेलेली पिन एकाच जागी कापली जाते. दोन पट्ट्यांच्या मानाने तिची ताकद निम्मीच असते, शिवाय ती वाकतेही.

झीज डोळ्यांना थोडी दिसते, परंतु हिशोबात फार असते. ३० मि.मी. जाडीची पिन झिजून २७ मि.मी. झाली तर कापाविरुद्धची तिची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते, कारण ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा आटे पाडलेला बोल्ट घालणे धोक्याचे आहे, कारण आट्यांच्या खाचेतच भेग सुरू होते. पिनला खाली क्लिप हवीच. दांडीचे कडे लांबट झाले असेल तर प्रत्येक ब्रेकला व प्रत्येक खड्ड्यात हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. असे कडे बदलून टाकावे.

हुकाखेरीज एक साखळी असावी. ती ट्रॉलीचे वजन सोसणारी असावी आणि त्याच पिनमध्ये न अडकवता वेगळ्या जागी अडकवावी. वळताना ताण पडणार नाही इतकीच ढील ठेवावी.

डबल ट्रॉली असेल तर

दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरच्या हुकावर दोन्हींची ओढ येते. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर दुसरीची ओढ येते. हा मागचा हूक केवळ शेवटच्या आडव्या चॅनेलला चिकटवलेला असेल तर एक दिवस तो चॅनेलसह निघून येतो. हुकाची पट्टी पुढे नेऊन चासीच्या दोन्ही उभ्या चॅनेलांना बांधावी. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते व आडवी होते. कितीही मजबूत हूक बसवला तरी ब्रेकची उणीव त्याने भरून निघत नाही.

ट्रेलरचे फिफ्थ व्हील

घोडागाडीच्या काळात पुढच्या अ‍ॅक्सलवर आडवे चाक बसवीत. चार चाकांखेरीजचे म्हणून ते पाचवे. फिफ्थ व्हील हे नाव तेथून आले. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी एका ग्राहकाची बोट नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे ट्रेलर जोडून दिला आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. हे फ्रुहॉफ धंद्याने लोहार होते, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आजच्या फिफ्थ व्हीलमध्ये घोड्यावर लोखंडी प्लेट असते आणि ट्रेलरखालची किंगपिन तिच्या जबड्यात अडकते. किंगपिन दोन मापांत येते : दोन इंची आणि साडेतीन इंची. सर्वसाधारण मालाला दोन इंची, फार अवजड यंत्रसामग्रीला साडेतीन इंची. ही मापे एकमेकांत चालत नाहीत.

खरेदी करताना प्लेटवरील दोन आकडे वाचावेत. ‘यू’ म्हणजे प्लेटवर उभे किती वजन चालेल. ‘डी’ म्हणजे ओढीची क्षमता. डीचा हिशोब असा : घोड्याचे एकूण वजन (ट्रेलरकडून प्लेटवर येणारा भार धरून) गुणिले ट्रेलरचे भरलेले वजन, भागिले संपूर्ण गाडीचे वजन, आलेल्या उत्तराला ०.६ ने व ९.८१ ने गुणावे. समजा, रिकामा घोडा ६.५ टन, प्लेटवरचा भार १२ टन, म्हणून घोड्याचे एकूण १८.५ टन, ट्रेलर मालासह ३३ टन, सगळी गाडी ३९.५ टन. उत्तर सुमारे ९१ किलोन्यूटन येते. प्लेटवरचा आकडा याहून मोठा असावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरील वजनमर्यादा वाढवल्या. जोड अ‍ॅक्सलची मर्यादा १९ टनांवरून २१ टन झाली. म्हणून जुन्या फिफ्थ व्हीलला नव्या मर्यादेचा ट्रेलर लावण्याआधी हा हिशोब पुन्हा करावा.

फिफ्थ व्हीलचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे असावा, म्हणजे थोडा भार पुढच्या चाकांवर जातो. जोडताना ट्रेलर प्लेटपेक्षा उंच राहिला तर किंगपिन जबड्यात नीट न बसता वरच्या वर राहते. बॅटरी लावून जबडा पिनच्या मागे बंद झाला आहे, प्लेट व ट्रेलर यांत फट नाही आणि हँडल पूर्ण आत गेले आहे, हे पाहावे. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून घोडा हळूच पुढे ओढून पाहावा. त्यानंतरच ट्रेलरचे पाय वर घ्यावेत. ५०.८ मि.मी.ची किंगपिन झिजून ४९ मि.मी. झाली की ती बदलावी.

वेल्डिंग करणाऱ्या बांधवांना

झिजलेल्या किंगपिनवर वेल्डिंगचा भराव घालू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि बाजूला भेग पडते. घडीव हुकाच्या भेगेवर रॉड चालवून रंग मारणे हीदेखील दुरुस्ती नव्हे, ते दोष झाकणे आहे. व्यापारात मालाचा दोष लपवू नये ही आपल्या दीनची स्पष्ट शिकवण आहे. गिऱ्हाईक घाईत असले आणि “चालेल” म्हणाले तरी रस्त्यावरचा तिसरा माणूस तसे म्हणालेला नसतो. अशा वेळी काम नाकारावे. रोजी देणारा अल्लाह आहे.

कागदपत्रेही पाहावीत

ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. विम्यातही तिचा उल्लेख आहे की नाही हे तपासून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जादा वजनासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एका चांगल्या पिनची किंमत या दंडापुढे काहीच नाही, आणि माणसाच्या जिवाला तर किंमतच नाही.

उंट मोकळा सोडून तवक्कल करू पाहणाऱ्या माणसाला प्रेषित (स.) यांनी आधी उंट बांधावयास सांगितले, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. ट्रॉली जोडणाऱ्याने तीच शिकवण पाळावी. पिन तपासावी, क्लिप लावावी, साखळी अडकवावी आणि मग बिस्मिल्लाह म्हणून निघावे.